रस्त्याची आखणी, नकाशाचे थर आणि वजनं: कोकणातल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावाला महामार्गाशी जोडायचंय. सल्लागाराने तीन पर्याय मांडलेत: एक रस्ता सड्यावरून (सडा म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार), दुसरा खाडीच्या कडेने आणि तिसरा म्हणजे आहे तोच रस्ता रुंद करणं. अहवालात रंगीत नकाशे आहेत, एएचपीचा (निकष जोडीजोडीने तोलून त्यांचं महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीचा) तक्ता आहे, निकषांची वजनं आहेत आणि शेवटी सड्यावरच्या रस्त्याला पहिला क्रमांक. विचारणारे ग्रामपंचायत सदस्य आहेत, स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेले आहेत. ही वजनं बरोबर आहेत का, आणि नसतील तर पर्यावरणाचा विचार करून ती आपण कशी ठरवायची, असं त्यांनी विचारलंय.

वजनांकडे मी येईन, पण जरा उशिरा. बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की अशा अहवालांचा निकाल वजनांच्या तक्त्यावर येण्याआधीच लागलेला असतो. नकाशात कोणते थर घेतले आणि एकेका थराला गुण कसे दिले, तिथे तो लागतो. वजनांवरून बैठकीत तास-दीड तास खडाजंगी होते आणि गुणांचा तक्ता परिशिष्टात पडून राहतो. तो कुणी उघडतसुद्धा नाही.

पद्धत मुळात अवघड नाही. उतार, जंगल, पाणी, शेती, वस्ती अशी एकेक बाब वेगवेगळ्या पारदर्शक कागदावर काढायची, नुकसान जास्त तिथे रंग गडद, ते कागद एकावर एक ठेवायचे आणि जिथे सगळ्यात गडद दिसेल तिथून रस्ता न्यायचा नाही. इयन मॅकहार्ग या स्कॉटिश रचनाकाराने १९६० च्या दशकात अमेरिकेत महामार्गाच्या आखणीसाठी हे करून दाखवलं होतं. आता कागदाऐवजी रास्टर असतं. जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला प्रत्येक थराचा एक गुण द्यायचा. त्या गुणांना वजनाने गुणून बेरीज केली की 'इथून जाण्याची किंमत' निघते. मग संगणक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमीत कमी किमतीची वाट शोधतो. पैसे, जंगल, धोका अशा वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी एका तराजूत आणायच्या असल्यामुळे याला बहुनिकष निर्णयपद्धत म्हणतात. एएचपी ही त्यातलीच एक, आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणारी.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. हे तुमच्या अहवालातले नाहीत, मी बसवलेले आहेत. निकष चार: दरडीचा धोका, अधिवास (वनस्पती-प्राण्यांची राहण्याची जागा), शेती-बागांचं नुकसान आणि बांधकामाचा खर्च. एएचपीमध्ये निकष जोडीजोडीने तोलतात. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीची पट्टी १ ते ९ ची आहे. १ म्हणजे दोन्ही निकष सारखे, ९ म्हणजे एकापुढे दुसरा जवळजवळ नगण्य. समजा, आपण दरडीचा धोका अधिवासाच्या दुप्पट, शेतीच्या तिप्पट आणि खर्चाच्या चौपट महत्त्वाचा धरला; अधिवास शेतीच्या दुप्पट आणि खर्चाच्या तिप्पट; शेती खर्चाच्या दुप्पट. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीच्या चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चतुर्थ मूळ काढायचं आणि सगळ्यांची बेरीज १ होईल अशा बेताने भागायचं. वजनं येतात दरड ०.४६७, अधिवास ०.२७८, शेती ०.१६० आणि खर्च ०.०९५. साध्या कॅल्क्युलेटरवर होतं.

पुढे प्रत्येक पर्यायाला नुकसानीचे गुण द्यायचे, शून्य ते दहा, जास्त म्हणजे वाईट. सड्यावरचा रस्ता: दरड २, अधिवास १, शेती १, खर्च ३. खाडीकडेचा: दरड १, अधिवास ८, शेती ५, खर्च ७. जुना रस्ता रुंद करणं: दरड ३, अधिवास २, शेती ५, खर्च ४. वजनांनी गुणून बेरीज केली तर सडा १.६६, खाडी ४.१६, जुना रस्ता ३.१४. सडा पहिला, तोही मोठ्या फरकाने.

इथे जरा थांबून सडा आणि जुना रस्ता यांचे गुण समोरासमोर ठेवा. २ विरुद्ध ३, १ विरुद्ध २, १ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ४. चारही निकषांत सडा सरस. म्हणजे तुम्ही वजनं कशीही फिरवा, अधिवासाला ०.९ द्या नाहीतर खर्चाला ०.९ द्या, जुना रस्ता सड्याच्या पुढे जाऊच शकत नाही. अशा वेळी वजनांवर घातलेला वाद हा निव्वळ वेळेचा अपव्यय. तुमच्या अहवालातला तक्ता घेऊन पहिली तपासणी हीच करा: जिंकलेला पर्याय प्रत्येक रकान्यात जिंकतोय का? तसं असेल तर वजनं बाजूला ठेवा आणि प्रत्येक गुण कुठून आला ते शोधा.

माझ्या उदाहरणात सड्याच्या अधिवासाला १ गुण कुठून आला? बहुतेक वेळा तो जमीन-वापराच्या तयार नकाशातून येतो. त्या नकाशात सडा 'पडीक' किंवा 'उघडा खडक' या वर्गात जातो, आणि त्या वर्गापुढे 'पर्यावरणीय मूल्य: अत्यल्प' असं आपोआप लिहिलं जातं. याला कारण आहे. पावसाळ्यात कोकणावर ढग असतात, त्यामुळे साध्या उपग्रहचित्रांमध्ये स्वच्छ दिसणारी चित्रं मिळतात ती नोव्हेंबर ते मे या काळातली. वर्गीकरण त्यांच्यावरच होतं. मार्च-एप्रिलमधला सडा म्हणजे तापलेला काळा कातळ, कुठे वणव्याने जळालेलं गवत. संगणकाने त्याला पडीक म्हटलं तर त्याचा दोष नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं.

तोच सडा ऑगस्टच्या शेवटी चालून बघा. कातळावर बोटभर मातीचा थर, त्यात सीतेची आसवं, गेंद, किडे खाणारी ड्रोसेरा, खळग्यांत साठलेलं पाणी आणि त्यात बेडकांची पिल्लं. यातल्या कितीतरी वनस्पती पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांतच दिसतात आणि पश्चिम घाट-कोकणाबाहेर कुठे सापडत नाहीत. आणि नुसत्या फुलांचा प्रश्न नाही. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातल्या किती वाड्यांच्या विहिरी या पाण्यावर आहेत हे वाडीतल्या बायकांना विचारा. सड्याच्या कडेला दहा-बारा मीटर खोल खोदाई केली की ते पाणी रस्त्याच्या गटारात उतरतं आणि खालची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. नकाशात याची नोंद कुठेच होत नाही, कारण झऱ्यांचा थरच नसतो.

शिवाय कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण इथल्या सड्यांवरची शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण यादीतली ठिकाणं मोजकीच. नोंद न झालेली शिल्पं गवताखाली आणि मातीखाली असू शकतात. सड्यावरून आखणी जाणार असेल तर त्या पट्ट्याची पायी पाहणी झाल्याशिवाय त्या थराला गुण देऊच नयेत.

आता त्याच उदाहरणात फक्त एक आकडा बदलू. सड्याच्या अधिवासाला १ ऐवजी ८. बेरीज १.६६ वरून ३.६० वर जाते आणि जुना रस्ता ३.१४ ने पहिला येतो. वजनांना हातही लावलेला नाही.

सड्याचा थर नीट करणं महागही नाही. उपग्रहचित्रावर सड्याची कडा स्पष्ट दिसते, क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती हाताने आखता येते. झरे आणि बारमाही विहिरी मोबाइलच्या जीपीएसने नोंदवायच्या. पावसाळ्यात पाणी कुठे साठतं हे बघायला सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार चित्रं आहेत, ती ढगांतून आरपार बघतात आणि फुकट मिळतात. एक सावधगिरी मात्र बाळगा: हापूसच्या आणि काजूच्या जुन्या बागा उपग्रहाला जंगलासारख्याच हिरव्या दिसतात, आणि कधीकधी उलटंही होतं. बाग की राई हे जागेवर जाऊनच ठरवावं लागतं. देवराया तर बहुतेक इतक्या लहान असतात की तयार नकाशात त्या गळून पडतात.

खाडीकडेच्या पर्यायाबद्दल थोडं. इथे नेमकी उलटी चूक होते: कांदळवनाला दहापैकी दहा नुकसान-गुण दिले की पर्यावरण राखलं, असं समजलं जातं. बेरजेच्या पद्धतीत एका बाबीतलं नुकसान दुसऱ्या बाबीतल्या फायद्याने भरून निघतं. त्यामुळे दोन किलोमीटर वळसा वाचत असेल तर संगणक साठ मीटर कांदळवन खुशाल 'विकत' घेतो. काही गोष्टी तराजूत घालायच्याच नसतात. त्या नकाशातून वगळायच्या असतात. कांदळवनं, वाळूचे डोंगर, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं ही किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संवेदनशील गटात येतात आणि एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही त्यात धरला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठी कांदळवन तोडायचं असेल तरी न्यायालयाची परवानगी लागते. हे सगळं कच्च्या नकाशातच 'बंद' म्हणून टाकावं. खाडी ओलांडायचीच असेल तर पुलाच्या जागा वेगळ्या तपासाव्यात, जिथे पात्र अरुंद आणि कांदळवनाची पट्टी सगळ्यात कमी. खाडीला समांतर धावणारा रस्ता आणि खाडी ओलांडणारा रस्ता यांना एकाच मापाने मोजू नये.

खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीचीही एक गंमत आहे, म्हणजे आपल्या दृष्टीने डोकेदुखी. बांध फुटून सोडून दिलेल्या खार जमिनीत वीस-पंचवीस वर्षांत कांदळवन माजतं, पण सातबाऱ्यावर ती खाजगी भातजमीनच राहते. महसुली नकाशा घेतलात तर शेती दिसेल, उपग्रहचित्र घेतलंत तर कांदळवन. दोन्ही थर एकमेकांवर ठेवून जिथे मेळ बसत नाही तेवढे तुकडे वेगळे काढा. कटकटी पुढे तिथेच उभ्या राहतात.

दरडीच्या थराबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तुमच्या अहवालात त्याला मोठं वजन आहे असं तुम्ही लिहिलंत आणि लोकांना त्यामुळे बरं वाटतं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेलं आणि त्याच दिवशी चिपळूण पुरात बुडालं. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. त्यामुळे दरड हा निकष हवाच, त्यावर वाद नाही. पण नकाशात तो बहुधा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १:५०,००० प्रमाणातल्या दरड-संवेदनशीलता नकाशातून किंवा नुसत्या उतारावरून घेतलेला असतो. तो सांगतो तो धोका आजच्या डोंगराचा. रस्ता झाल्यावरचा डोंगर वेगळा असतो. कोकण रेल्वेची लाइन १९९८ साली पूर्ण सुरू झाली. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जूनमध्ये रायगडातल्या आंबवलीजवळ दरडी-दगड रुळांवर आल्याने मोठे अपघात झाले. त्यानंतर कापलेल्या कडांचा उतार कमी करणं, जाळ्या बसवणं, पावसाळ्यात गस्त आणि गाड्यांचा वेग कमी करणारं वेगळं वेळापत्रक या सगळ्यावर भर आला. परशुराम घाटात चौपदरीकरणाचं काम चालू असताना दरडींमुळे वाहतूक बंद ठेवावी लागली, हे तर तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. या जागांवर धोका आहे तो कापलेल्या उभ्या कडेचा. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती, आणि मधून पाणी. उभी काप घेतली की पाण्याने माती सुटते आणि वरचा जांभ्याचा कठीण थर आधार नसल्याने तुकड्यातुकड्यांनी खाली येतो.

म्हणून दरडीचा थर दोनदा करायला सांगा. एकदा आजच्या जमिनीचा, आणि एकदा प्रत्येक पर्यायासाठी खोदाईची खोली काढून. रस्त्याची पातळी ठरली की जमिनीच्या उंचीतून ती वजा केली, की कुठे किती मीटर काप घ्यावी लागेल हे कळतं. जिथे काप खोल, वर भरपूर पाणलोट आणि खाली वस्ती, तिथे लाल. सड्याच्या पर्यायाला दरडीचे दोनच गुण मिळतात ते सडा सपाट आहे म्हणून. पण सड्यावर चढायला आणि उतरायला दोन्ही टोकांना घाट लागणारच. घाटात साधारण पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढ ठेवत नाहीत, म्हणजे शंभर मीटर उंची गाठायला दीड-दोन किलोमीटरचं वळण कड्याच्या अंगातून खोदावं लागतं. सगळा धोका त्या दोन तुकड्यांत साठलेला असतो आणि संपूर्ण लांबीची सरासरी काढली की तो पुसला जातो. सरासरीबरोबर सर्वात वाईट तुकड्याचा गुणही मागा. शिवाय उकरलेली माती कुठे टाकणार? ती व्हाळात (ओढ्यात) ढकलली की पुढच्या पावसात खालच्या भातखाचरांत गाळ बसतो. खोदाई आणि भराव यांचा ताळमेळ हा स्वतंत्र निकष असायला हवा, आणि तो बहुतेक अहवालांत नसतो.

उंचीच्या माहितीविषयीही विचारा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारं कार्टोसॅट उपग्रहाचं किंवा अमेरिकेच्या अंतराळयानावरून रडारने केलेल्या एसआरटीएम मोजणीचं ३० मीटरच्या चौकोनांचं उंची-चित्र जिल्हा पातळीवर चालतं. पण सड्याचा पंचवीस मीटरचा उभा कडा एका चौकोनात मावतो आणि शेजारच्या चौकोनांशी मिळून त्याचा सौम्य उतार होतो. दाट झाडीत ही चित्रं झाडांचा शेंडाही जमीन म्हणून मोजतात. एसआरटीएम तर फेब्रुवारी २००० मधलं आहे, त्यानंतर महामार्गासाठी कितीतरी डोंगर कापले गेले. एकाच पर्यायाची अंतिम आखणी करायची असेल तर ड्रोन किंवा लिडारचं (लेझर किरणांनी उंची मोजणारं) सर्वेक्षण हवं. ते नसेल तर निदान तुलना तेवढ्याच भरवशाची आहे हे अहवालात लिहिलेलं असावं.

चौकोनाच्या आकाराने निकाल कसा बदलतो याचं मोठं उदाहरण आपल्याच भागात आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचे पाच मिनिट अक्षांश-रेखांशाचे, म्हणजे साधारण ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, जंगल, उतार, उंची, नदीकाठची झाडी अशा निकषांवर गुण देऊन संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाने गाव हे एकक धरलं आणि सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. घाट तोच, डोंगर तेच. एकक बदललं, निकषांची बेरीज बदलली आणि नकाशा बदलला. दोन्हींमागे विचार होता, पण रस्त्याच्या आखणीसाठी दोन्ही जाड आहेत. घाटमाथ्यापासून समुद्र इथे साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर येतो. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनात सडा, खाडी, राई, बाजारपेठ सगळं मावून जातं. रस्त्यासाठी दहा ते तीस मीटरचा चौकोन घ्यावा आणि अहवालात तो लिहावा.

आता वजनं. गुण दुरुस्त केल्यावर ती खरोखर महत्त्वाची ठरतात. वरच्याच उदाहरणात सड्याला अधिवासाचे ८ गुण दिल्यावर जुना रस्ता पुढे आला. पण अधिवासाचं वजन ०.२७८ वरून खाली आणत गेलात आणि बाकीची तीन त्याच प्रमाणात वाढवत गेलात, तर ०.२२ च्या आसपास क्रम उलटतो आणि सडा पुन्हा पहिला येतो. ही उलटण्याची जागा अहवालात हवीच. तुम्ही बसला असाल तिथून ती हाताच्या अंतरावर असेल, तर 'शास्त्रीय पद्धतीने निवड झाली' हे वाक्य फार ताणलेलं आहे. ती फार लांब असेल तर निवड भक्कम. सल्लागाराला एवढंच विचारा: कोणतं वजन किती हललं तर तुमचा पहिला क्रमांक बदलतो? उत्तर तयार नसेल तर तपासणी झालेलीच नाही.

एएचपीचा सुसंगतता-निर्देशांक अहवालात ठळकपणे छापलेला असतो. ०.१ च्या आत असला की ठीक मानतात. माझ्या उदाहरणात तो ०.०१ च्या आसपास येतो. पण तो सांगतो ते एवढंच, की तुलना करणारा स्वतःच्या बोलण्यात फिरला नाही. दरड अधिवासाच्या तिप्पट, अधिवास शेतीच्या तिप्पट, आणि तरी शेती दरडीच्या दुप्पट असं कुणी म्हटलं तर निर्देशांक ओरडेल. मुळात कुणाला विचारलं आणि तो माणूस चुकीचाच विचार करत होता का, हे त्यातून कळत नाही. कार्यालयात बसलेल्या पाच अभियंत्यांची उत्तरं अगदी सुसंगत येतात.

वजनं गावाकडून घ्यायची असतील तर सगळ्यांची सरासरी काढू नका. मच्छीमार, बागायतदार, पाणी भरणाऱ्या बायका, गाडीधंदा करणारे, होम-स्टेवाले, प्रत्येक गटाची वजनं वेगळी घ्या आणि प्रत्येक गटाच्या वजनांवर पर्यायांचा क्रम वेगळा लावा. तीन गटांत जुना रस्ता पहिला आणि दोन गटांत सडा, असं दिसलं तर नेमकं कुणाला काय लागतंय हे कळतं. सरासरीत ते विरघळून जातं. तारीखही विचारपूर्वक ठरवा. कोकणात ज्याच्या नावावर जमीन आहे तो बहुधा मुंबईत असतो, सातबाऱ्यावर पाच-पंचवीस नावं असतात. चाकरमानी गावात असतात ते गणपतीत आणि शिमग्यात. एरवी घेतलेल्या बैठकीत निम्मे खातेदार नसतात आणि मग भूसंपादनाच्या नोटिशीला पहिली हरकत त्यांचीच येते.

बैठकीत लॅपटॉप उघडू नका. मोठ्या कागदावर छापलेला नकाशा टेबलावर पसरा, सोबत पेन द्या. आपल्याकडची मंडळी निकष क्रमांक तीन वर बोलत नाहीत, पण नकाशावर बोट ठेवून 'हा व्हाळ शिमग्यापर्यंत वाहतो' किंवा 'हितनं गवे उतरतात' असं बिनचूक सांगतात. ते तिथेच नोंदवून घ्या. एका बैठकीत महिन्याभराच्या पाहणीचं काम होऊन जातं.

संगणकाने काढलेली एकच रेघ अंतिम मानू नका. चौकोनांवरून काढलेली वाट वेडीवाकडी असते, तिला रस्त्याची वळणं नसतात. प्रत्येक चौकोनापर्यंत दोन्ही टोकांकडून साठलेली किंमत एकत्र करून सर्वात स्वस्त दोन-तीन टक्के पट्टा मागा. तो पट्टा रुंद असेल तर अभियंत्याला हलायला जागा आहे; एखाद्या ठिकाणी तो चिंचोळा होत असेल तर बारकाईने सर्वेक्षण तिथेच हवं.

आणि तीनच पर्याय का, हेही विचारा. 'पर्याय शून्य', म्हणजे नवा रस्ता न करता काय करता येईल, हा स्तंभ अहवालात हवा. खाडी ओलांडायची असेल तर दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा इथे वाहनं नेणाऱ्या फेरी बोटी चालतात. त्यांची वेळ आणि जेटी सुधारली तर वर्षातले बारा महिने नसले तरी बहुतेक दिवस काम भागतं. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा मालट्रक रेल्वेच्या वॅगनवर नेते. तुमच्या गावाला खरी गरज कसली आहे? आंब्याच्या हंगामातल्या ट्रकची, रात्री रुग्ण नेण्याची, की पर्यटकांच्या गाड्यांची? प्रत्येक गरजेसाठी वेगळा उपाय निघू शकतो, आणि जुन्या रस्त्याची दोन वळणं काढून तीन मोऱ्या मोठ्या केल्या तर बऱ्याच वेळा काम होतं. मोऱ्या थोड्या रुंद आणि कोरड्या कडेच्या ठेवल्या तर पावसाळ्यात रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बेडकांना आणि लहान प्राण्यांना खालून वाटही मिळते. रस्ता झाल्यावर दोन्ही बाजूंना पडणारे एनए प्लॉट आणि नव्या चिरेखाणी यांचा हिशेब मात्र कुठलाच नकाशा आपणहून करत नाही. त्यासाठी नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर पट्टा आखून त्यात किती मोकळी जमीन अशी जाऊ शकते हे मोजायला सांगा. सड्याच्या पर्यायात तो आकडा सगळ्यात मोठा येईल, कारण तिथे आज बांधलेलं काहीच नाही.

तुमच्या हातात करण्यासारखं म्हणाल तर सल्लागाराकडून पीडीएफ नको, मूळ थरांच्या फाइल मागा. सरकारी कामाचा अहवाल असेल तर माहितीच्या अधिकारातही मागता येतील. त्या यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आहेत का बघा, कारण अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजलेला बफर (भोवतीचा पट्टा) चुकीचा येतो. प्रत्येक थराचं वर्ष, महिना आणि चौकोनाचा आकार लिहून घ्या. मग गुणांचा तक्ता. सड्याची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करून घ्या, झऱ्यांची आणि विहिरींची फेब्रुवारी ते मे, आणि गावाची बैठक गणपतीत ठेवा. अहवाल त्याआधी मंजूर करा असा आग्रह झाला, तर ग्रामपंचायतीच्या ठरावात लेखी नोंद करा की सड्याच्या आणि पाण्याच्या थरांची पावसाळी पाहणी झालेली नाही आणि जुना रस्ता रुंद करण्याचा पर्याय दुरुस्त गुणांनी पुन्हा तपासावा.